फ्लटर अ‍ॅपमध्ये फोटो आधी धूसर, मग स्पष्ट असे का येत नाहीत? (महेश्वरी साड्यांचा कॅटलॉग)

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी,

माझ्या आत्याचा महेश्वरी साड्यांचा होलसेलचा धंदा आहे. दुकान इंदूरला एम.टी. क्लॉथ मार्केटजवळच्या गल्लीत, गिऱ्हाईक म्हणजे खरगोन, बऱ्हाणपूर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यातले लहान दुकानदार. आत्तापर्यंत ती रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा ढीग टाकायची आणि सकाळी शटर वर करायच्या आत "ती चटई काठाची मोरपंखी परत पाठवा" सुरू व्हायचं. म्हणून तिच्यासाठी फ्लटरमध्ये (गूगलचं अ‍ॅप बनवायचं साधन) कॅटलॉगचं अ‍ॅप केलंय. दोन कॉलमची ग्रिड, साडीवर टॅप केलं की मोठा फोटो, चिमटीनं झूम. बस, एवढंच.

फोटो आत्येभाऊ आयफोनवर काढतो. ४०३२×३०२४, एकेक चार-साडेचार एमबी. नेटवर्क चांगलं असलं तर ठीक, पण दुकानदार बसतो दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे एक कांडी आली तरी नशीब. तिथे ग्रिडमध्ये नुसते राखाडी चौकोन.

वाचलं होतं की प्रोग्रेसिव्ह जेपेग केलं की चित्र आधी धूसर दिसतं आणि हळूहळू साफ होतं. म्हणून जेपेगट्रान हे जेपेग फाइलींची मांडणी बदलणारं साधन वापरून सगळे फोटो प्रोग्रेसिव्ह केले. लॅपटॉपवर क्रोममध्ये नेट मुद्दाम हळू करून पाहिलं, तर अगदी तसंच दिसतं, छान. अ‍ॅपमध्ये मात्र फरक शून्य. राखाडी, राखाडी, राखाडी आणि मग एकदम आख्खा फोटो. शिवाय:

– ३ जीबी रॅमच्या फोनवर थोडं स्क्रोल केलं की अ‍ॅप बंद पडतं.
– कन्व्हर्ट केल्यापासून बरेच फोटो आडवे झालेत.
– आत्या म्हणते राणी रंग मेला. मला आधी तिचा भास वाटला, पण दोन फोन शेजारी ठेवून बघितलं, खरंच फिका दिसतो.
– मधल्या वेळेसाठी ब्लरहॅश (फोटोच्या रंगांचा धूसर ठसा) लावला होता. त्यावर भुसावळच्या एका काकांचा फोन: "हा मातकट रंग नवीन आलाय का? याच्या सहा द्या." साडी होती वांगी रंगाची.

फ्लटरमध्ये प्रोग्रेसिव्ह चालू करायचं काही सेटिंग आहे का?

चिमणबागी

फोटो वेबपी फॉरमॅटमध्ये करा, विषय संपला. साइज झटक्यात उतरते. प्रोग्रेसिव्ह जेपेग म्हणजे डायल-अपच्या काळातली गोष्ट आहे, भिया.

पागनीसपागा

ताई, सेटिंग नाही. शोधत बसू नका.

प्रोग्रेसिव्हला दोन हात लागतात. फाइल टप्प्यांत लिहिलेली हवी आणि उघडणाऱ्यानं प्रत्येक टप्प्याला चित्र काढून दाखवायला हवं. क्रोम दाखवतं. फ्लटरचं नेटवर्कवरून फोटो आणणारं इमेज विजेट आख्खी फाइल हातात आल्याशिवाय डीकोड करायलाच, म्हणजे उलगडायलाच, घेत नाही. किती बाइट आले ते लोडिंग-बिल्डरमधून कळतं, म्हणून टक्केवारीचं चक्र फिरवता येतं, पण अर्धवट चित्र मिळत नाही. तुमच्या फाइली बरोबर आहेत, फक्त त्या टप्प्यांकडे बघणारं तिथे कुणी नाही.

आत काय होतं ते थोडं सांगतो, पुढच्या दोन तक्रारींचं मूळ त्यात आहे. जेपेग चित्राचे ८×८ पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याचे ६४ आकडे करतं. पहिला आकडा म्हणजे त्या तुकड्याची सरासरी, बाकीचे ६३ म्हणजे बारकावा. बेसलाइन म्हणजे साधी जेपेग फाइल मागावरच्या साडीसारखी येते, वरून खाली, जेवढं विणलं तेवढं पक्कं. प्रोग्रेसिव्हमध्ये आधी सगळ्या तुकड्यांच्या फक्त सरासऱ्या येतात, म्हणजे लांबी-रुंदीनं आठव्या हिश्शाचं चित्र हाती लागतं. मग बारकाव्याचे आकडे थोडे थोडे करून पुढच्या टप्प्यांत, त्यांना स्कॅन म्हणतात. लिबजेपेग या जेपेगच्या लायब्ररीच्या ठरीव क्रमात रंगीत फोटोचे १० स्कॅन होतात. जेपेगट्रान हे आकडे नुसते फिरवून लावतं, पुन्हा कॉम्प्रेस करत नाही. म्हणून दर्जा तसूभरही घटत नाही.

मग राणी रंग का मेला? जेपेगट्रान चित्राला हात लावत नाही, पण सोबतचं सामान टाकून देतं. वेगळं सांगितलं नाही तर ते फक्त कॉमेंट ठेवतं. एक्झिफ (फोटोविषयीची माहिती) गेलं आणि कलर प्रोफाइलही (कुठला आकडा म्हणजे कुठला रंग ते सांगणारं) गेलं. आयफोन उभा धरून काढलेल्या फोटोत पिक्सेल आडवेच असतात, "मला फिरवून दाखवा" एवढी चिठ्ठी एक्झिफमध्ये असते. चिठ्ठी गेली, फोटो आडवा. आणि आयफोनचे फोटो असतात डिस्प्ले पी३ या रुंद रंगपट्ट्यातले. प्रोफाइल गेलं की उघडणारा तेच आकडे साध्या एसआरजीबीचे समजतो. गडद गुलाबी, लाल, हिरवा सगळे एक पायरी उतरतात. आत्यांची नजर पक्की आहे, त्यांना दंडवत.

"कॉपी ऑल" हा जेपेगट्रानचा पर्याय लावला तर दोन्ही परत येईल. पण मी तसं करणार नाही. एक्झिफमध्ये फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असतात. फोटो घराच्या गच्चीवर काढत असाल तर तो पत्ता जळगावपर्यंत कशाला पोचवायचा? मूळ फोटो आधी खरोखर फिरवा, रंग एसआरजीबीत आणा, मग चिठ्ठ्या-चपाट्या सगळ्या काढून टाका.

आता बंद पडण्याचं. फाइल साडेचार एमबीची असली तरी फोनच्या मेमरीत फोटो उलगडून बसतो, दर पिक्सेलला ४ बाइट. ४०३२ गुणिले ३०२४ गुणिले ४, म्हणजे ४.८७ कोटी बाइट, एका साडीला ४९ एमबीच्या घरात. फ्लटरची इमेज कॅश, म्हणजे उलगडलेले फोटो ठेवायची जागा, मुळात १०० एमबीची, ती दोन साड्यांत भरते. आणि पडद्यावर जे दिसतंय ते कॅशमधून हुसकलं तरी मेमरीत राहतंच. चार साड्या दिसत असतील तर १९५ एमबी नुसते तिथे. ३ जीबीचा फोन बिचारा काय करील.

इमेज विजेटला कॅशविड्थ द्या, म्हणजे फोटो तेवढ्याच रुंदीला उलगडतो. १०८० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन कॉलम म्हणजे एका चौकोनाला ५४०. ५४०×७२० चा फोटो मेमरीत दीड एमबीचा होतो, म्हणजे त्याच शंभरात साठाहून जास्त साड्या बसल्या. फक्त लक्षात ठेवा, हा आकडा खऱ्या पिक्सेलचा द्यायचा असतो, फ्लटरच्या लॉजिकल पिक्सेलचा नाही, म्हणून डिव्हाइस पिक्सेल रेशोनं (एका लॉजिकल पिक्सेलमागे खरे किती) गुणा. नाहीतर धूसर दिसेल आणि तुम्ही पुन्हा इथे विचारायला याल.

कॅशविड्थनं मेमरी वाचते, डाउनलोड नाही. साडेचार एमबी म्हणजे ३६ मेगाबिट. सेकंदाला एक मेगाबिट मिळालं तर एका साडीला ३६ सेकंद. प्रोग्रेसिव्ह असो नाहीतर आणखी काही, तेवढा माल वायरीतून यायचाच आहे. ५४० च्या चौकोनात ४०३२ चा फोटो पाठवणं हेच मूळ दुखणं. त्यामुळे टप्पे फाइलीच्या पोटात शोधू नका, बाहेर करा. एकाच फोटोच्या तीन फाइली:

एक ६०० रुंदीची, ग्रिडसाठी. ६०-८० केबीत बसते, म्हणजे त्याच नेटवर अर्ध्या-पाऊण सेकंदात. दुसरी १२०० ची, साडी उघडल्यावर. तिसरी २४०० ची, ती फक्त झूम केल्यावरच मागवायची. साडी उघडली की आधी ६०० चीच ताणून दाखवा, ती कॅशमध्ये असतेच, आणि मागे १२०० ची आली की बदला. बदलताना मध्ये पांढरा झटका बसतो. इमेज विजेटचं गॅपलेस-प्लेबॅक चालू करा (true), नवं येईपर्यंत जुनं चित्र जागेवर राहतं. दुकानदाराला दिसणार तेच, आधी मऊ मग साफ, आणि कुठल्या टप्प्यात काय दाखवायचं ते तुमच्या हातात.

आणि ते तुम्ही ठरवलंच पाहिजे, कारण साडी घेणारा माणूस फोटो कसा बघतो ते कुठल्या लायब्ररीला माहीत नसतं. तो आधी रंग बघतो. रंग जमला तरच काठ. काठ जमला तर मग पोत आणि पदर. रंग चुकीचा दाखवण्यापेक्षा राखाडी चौकोन बरा, निदान त्याची कुणी ऑर्डर देत नाही.

ब्लरहॅशचं तेच झालं. ४×३ चा ब्लरहॅश म्हणजे २८ अक्षरं, त्यात फोटोभरच्या रंगाचे मोजके डाग. वांगी अंग, जरीचा पिवळा काठ, मागे भिंतीचा क्रीम, सगळं कालवलं की मातकटच होणार. डोंगर-समुद्राच्या फोटोला तो छान दिसतो. साडीला लावू नका. त्याऐवजी आत्येभावाला सांगा, फोटो चढवताना साडीच्या अंगावर एकदा बोट ठेव. तेवढ्या जागेचा रंग घ्या, सहा अक्षरी कोड करून साडीच्या नोंदीत ठेवा आणि चौकोन त्या रंगानं भरा. सोबत फोटोची रुंदी-उंची पण पाठवा, म्हणजे फोटो आल्यावर ग्रिड उड्या मारणार नाही.

चिमणबागी, वेबपीला माझं वैर नाही, ग्रिडच्या छोट्या फोटोला खुशाल वापरा. पण वेबपीला प्रोग्रेसिव्ह नसतं, ते वरून खालीच उलगडतं. आणि लॉसी वेबपीत रंगाची माहिती नेहमी अर्ध्या रुंदी-उंचीचीच साठवली जाते, ४:२:० म्हणतात ते. माणसाच्या चेहऱ्याला कळत नाही. काळ्या साडीवर लाल बुगडी काठ घ्या, लाल रंग कडेनं पसरतो आणि बारीक वीण लिबलिबीत दिसते. शार्प वाययूव्हीचा पर्याय लावला तर थोडं सावरतं. जेपेगला ४:४:४, म्हणजे रंगाची माहिती पूर्ण रुंदी-उंचीची, ठेवता येतं. म्हणून १२०० आणि २४०० च्या फाइली जेपेग ४:४:४ मध्येच ठेवा, थोडी जड होते, होऊ द्या. आणि प्रोग्रेसिव्ह हे जेपेगच्या १९९२ च्या मूळ मानकातच आहे, डायल-अपसाठी मागून चिकटवलेलं नाही.

लष्करकर

ग्वाल्हेरहून. मी नेटिव्ह अँड्रॉइडवाला (फ्लटरशिवाय थेट अँड्रॉइडसाठी लिहिणारा), म्हणून एक भर घालतो.

ज्यांना फाइलच्या पोटातले टप्पे खरंच दाखवायचे आहेत त्यांच्यासाठी फ्रेस्को आहे, फेसबुकनं २०१५ मध्ये खुली केलेली लायब्ररी. त्यात प्रोग्रेसिव्ह रेंडरिंग चालू करता येतं आणि कोणत्या स्कॅननंतर पडद्यावर नव्यानं चित्र काढायचं तेही ठरवता येतं. ग्लाइड या दुसऱ्या अँड्रॉइड लायब्ररीत ही सोय नाही.

मी ती एका फोटोगॅलरीसाठी वापरली. एकेका मोठ्या फोटोला फार देखणं दिसतं. लिस्टमध्ये मात्र काढून टाकलं. प्रत्येक टप्प्याला फोटो पुन्हा डीकोड होतो, स्वस्त फोन तापतात, आणि एका पडद्यावरचे सहा-आठ फोटो आपापल्या गतीनं साफ होत असले की नजर कुठेच ठरत नाही. शिवाय प्रोग्रेसिव्ह उघडताना सगळ्या तुकड्यांचे आकडे शेवटपर्यंत मेमरीत धरून ठेवावे लागतात, बेसलाइनला तेवढी गरज पडत नाही. ३ जीबीच्या फोनवर हेही बघा.

पागनीसकाका म्हणतात तसं तीन फाइलींचंच करा.

चिमणबागी

४:२:० चं माहीत नव्हतं काका, मान्य. मग जेपेग एक्सएल हा नवा फॉरमॅट? त्यात प्रोग्रेसिव्ह पण आहे आणि रंगाचं पण नीट.

पागनीसपागा

कागदावर सगळ्यात सरस तेच. जुनी जेपेग फाइल एक बिटही न गमावता त्यात घालता येते आणि लहान होते, परत काढली की जशीच्या तशी. पण क्रोमनं २०२३ मध्ये ११० व्या आवृत्तीत ते काढून टाकलं, सफारीनं त्याच वर्षी १७ व्या आवृत्तीत घेतलं. भुसावळच्या काकांच्या हातात जो फोन आहे त्यावर चालेल तेच खरं. आत्ता नको.

सुदामानगरकर

काका, खूप आभार. तीन फाइली केल्या. स्क्रोल करताना आता बंद पडत नाही आणि आत्यानं राणी रंग पास केला, त्यामुळे घरात शांतता आहे. अंगाच्या रंगाचा चौकोन तिला इतका आवडला की फोटो नसलेल्या साड्यांनाही नुसता रंगच ठेवू म्हणते. तो बेत हाणून पाडला.

तीन गोष्टी उरल्या:

१. ६०० च्या फाइलीत बारीक चौकडीच्या साड्यांवर लाटांसारखे पट्टे दिसतात. मूळ फोटोत नाहीत.
२. सर्व्हर म्हणजे साधं शेअर्ड होस्टिंग, तिथे पीएचपीचं जीडी (फोटो लहान-मोठे करणारी लायब्ररी) तेवढं आहे. आत्ता फाइली माझ्या लॅपटॉपवर करतेय, पण आत्येभावाला स्वतः करता यायला हव्यात.
३. आत्या एखादा फोटो बदलते तेव्हा काही दुकानदारांना जुनाच दिसत राहतो.

आणि झूमसाठी २४०० पुरतं का? महेश्वरीच्या काठात बारीक काम असतं, लोक अगदी नाक लावून बघतात. नकाशांसारखे तुकडे पाडून पाठवायचे का?

पागनीसपागा

पट्टे म्हणजे मॉयरे. फोटो लहान करताना मधले पिक्सेल नुसते गाळले की चौकडीच्या रेघा आणि पिक्सेलच्या रेघा एकमेकांत अडकतात. लहान करणारं साधन आजूबाजूच्या पिक्सेलांचा हिशोब धरून करणारं हवं, लांझोस नावाची पद्धत निवडा. लिबव्हिप्स या फोटोंच्या लायब्ररीत तीच मुळात असते.

होस्टिंगवर करूच नका. जीडी ना एक्झिफची चिठ्ठी वाचत, ना प्रोफाइल सांभाळत, तुमचा राणी रंग पुन्हा मारेल. दुकानात बिलिंगचा विंडोज कॉम्प्युटर असेल ना? त्यावर लिबव्हिप्स टाका, सोबत व्हिप्सथंबनेल नावाची आज्ञा येते. फिरवणं, एसआरजीबीत आणणं, लहान करणं, सगळं एका ओळीत होतं. तीन साइजच्या तीन ओळी एका बॅच फाइलीत लिहा, ती डेस्कटॉपवर ठेवा. फोटोंचं फोल्डर त्यावर ओढून टाकलं की काम झालं, असं करून द्या. आत्येभाऊ काय, आत्याही करतील.

जुना फोटो दिसतो कारण नाव तेच राहतं आणि फोन म्हणतो, माझ्याकडे आहे की. नावातच फाइलीच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून निघणारा छोटा कोड) घाला. फोटो बदलला की नाव बदललं, नवा आपोआप येणार. मग सर्व्हरला बिनधास्त सांगा की फोटो वर्षभर ठेवा, मॅक्स-एज ३१५३६००० (सेकंदांत). नोंदींची यादी मात्र तेवढी साठवू देऊ नका, ती दर वेळी ताजी आणा.

तुकडे पाडायचे नाहीत. २५६ पिक्सेलच्या टाइल पाडून पिरॅमिड रचणं पोथ्या नाहीतर भिंतभर चित्रांसाठी ठीक, जिथे फोटो अब्जभर पिक्सेलचा असतो. इथे मूळच १२ मेगापिक्सेल. आणि साडेपाच मीटरची साडी घडी घालून एका फोटोत घेतली की काठाच्या वाट्याला त्यातले किती पिक्सेल येतात ते मोजा. ४०३२ चा पूर्ण फोटो दिलात तरी हिरा काठातला हिरा नीट सुटा दिसायचा नाही. काठाचा जवळून वेगळा फोटो काढा. उजेड तिरका घ्या, जर चमकते आणि वीण उठून दिसते. तोही १२०० चाच ठेवा. ग्रिडमधून साडी उघडली की पहिला फोटो दिसत असतानाच काठाचा मागे आणायला लावा, कारण रंग आवडला तर बोट तिकडेच सरकणार आहे.

सुदामानगरकर

हे झकास. काठाचा फोटो दुसरा ठेवते. आत्या विचारतेय, मग पदर तिसरा की पोत?

पागनीसपागा

पदर. पोताला फोनवर कुणी भुलत नाही, त्यासाठी ते दुकानातच येतात.

आणि ६०० च्या फाइलीचं नाव ठेवताना साइज पण नावात घाला, हॅशच्या मागे. नाहीतर कधीतरी दोन साइजची अदलाबदल होईल आणि ग्रिडमध्ये पुन्हा २४०० ची फाइल जाऊन बसेल.